विताला एक बोट

सुग्रीव सुताराच्या दुकानाकडे बघत बसलं की मी बारीक बारीक होत जाते. शिरूर कासारला त्याचं पत्र्याचं दुकान आहे आणि बरोबर समोर माझं, ब्लाउज शिवायचं. त्याच्या पत्र्याखाली दोऱ्यांना बांधलेले चिमुकले पलंग, कपाटं, देवघरं लोंबकळत असतात. दुपारी वारा आत शिरला की सगळी हळूहळू फिरायला लागतात, आणि मशीन चालवता चालवता मी त्यातल्या एखाद्या पलंगावर जाऊन पडते. तिथे गिऱ्हाईक येत नाही, मशीनला पाय मारावा लागत नाही. भानावर येते तेव्हा बहुतेक वेळा बाही उलटी जोडलेली असते.

हे नमुने ज्वारीच्या ताटाचे, म्हणजे वाळलेल्या धाटाचे. वरची साल सोलून चिपाडं करायची, आतलं पांढरं भेंड कापायचं आणि सगळं बाभळीच्या काट्यांनी टाचायचं. लहानपणी आम्ही सगळ्यांनीच अशा बैलगाड्या केल्या. माझ्यापेक्षा वर्षाने मोठा असलेला सुग्रीव साठीला आला तरी थांबला नाही, एवढंच. त्याचा नेम एकच, विताला एक बोट. खरी वस्तू जितकी वीत, तितकी बोटं नमुना. तो गिऱ्हाइकानं घरी न्यायचा, आठ दिवस जागेवर ठेवून बघायचा, मगच सुग्रीव लाकडाला हात लावणार. लोक हसतात. बीडला तयार कपाट तासाभरात टेम्पोत चढतं आणि हा बाबा भेंड कापत बसलाय! मीही एकदा चिडून विचारलं होतं, कशाला हे पोरखेळ?

"लाकूड चुकलं तर वाया जातं, मंगल," तो म्हणाला. "भेंड चुकलं तर शेळी खाती."

गेल्या दसऱ्याच्या आधी वत्सलाबाई त्याच्याकडे आल्या. तीस हंगाम ऊस तोडलेली बाई. गुडघे पार गेले होते. खाली बसलं की उठता येईना आणि उभ्यानं भाकरी थापली की पाठ धरायची. लेक सोमेश्वर आणि सून मनिषा तोडीला निघणार होते. नातीची शाळा बुडू नये म्हणून वत्सलाबाईंना तिला घेऊन घरीच राहायचं होतं. पण मनिषा म्हणायची, "तुमाला भाकर करता येईना, मग तुमी दोघी खाणार काय? चला आमच्यासंगं." तिचंही चुकत नव्हतं.

"मला बसून भाकर थापता येईल असं कायतरी कर, दादा," वत्सलाबाई सुग्रीवला म्हणाल्या. "मग मी कशाला जाती?"

सुग्रीवनं सुतळीनं त्यांची मापं घेतली, प्रत्येक मापाला एक गाठ मारली. आणि मग या वेड्यानं भेंडाची वत्सलाबाईच केली! गुडघा काट्यानं असा टाचला की खरा वाकतो तितकाच वाकावा. तिला बाकावर बसवलं, समोर टेबल, टेबलावर परात, शेजारी शेगडी. सहा नमुने झाले. पाच शेळीनं खाल्ले. सहाव्यात हात परातीवर अलगद टेकले, पण तोवर मुकादमाचा ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहिला होता. लाकूड कापायला वेळच उरला नाही. "एवढा एकच हंगाम" असं म्हणत वत्सलाबाई नातीसकट ट्रॅक्टरमध्ये चढल्या, नमुना पदराखाली धरून.

तिकडे त्यांनी तो कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, उंच खोचून ठेवला. दुपारी मोळ्या बांधून आल्या की त्या बाकावरच्या स्वतःकडे बघत पडायच्या. बघता बघता कोपी विरून जायची. घरची खिडकी दिसायची, तव्यावर भाकरी फुगायची, नात पाठीला दप्तर लावून ताट मागायची. "लई गोड वाटायचं," त्यांनी मला सांगितलं. "वाटायचं, मी तिकडंच हाय, आन् इकडं दुसरंच कुणी मोळ्या बांधतंय."

गुढीपाडव्याला माणसं परतली. सुग्रीवनं सुतळीच्या गाठी बघून कडुलिंबाचा बाक आणि टेबल तयार ठेवलं होतं. त्यांच्या घरी नेऊन मांडलं तेव्हा मीही गेले. वत्सलाबाई लाजत लाजत बसल्या. पीठ मळलं, गोळा घेतला, पण थापायला लागल्या तर कोपरं खांद्याला भिडली. दोन थापा दिल्या आणि त्यांनी खांदा धरला. भाकरी कडेनं फाटली.

सुग्रीवनं सुतळी काढून टेबल मोजलं. ते मापात होतं. मग तीच सुतळी त्यानं वत्सलाबाईंच्या खांद्याला लावली. गाठ दोन बोटं वर राहिली. सहा महिन्यांत बाईची पाठ तेवढी वाकली होती.

मला माझाच राग आला. तोडीहून आलेल्या बायकांची मापं मी दर पाडव्याला नव्यानं घेते, जुन्या मापाचं ब्लाउज त्यांना कधीच बसत नाही. हे मला ठाऊक होतं आणि सहा महिने समोर बसून मी त्याला एका शब्दानं बोलले नव्हते. त्याच्या नमुन्यातही ते दिसलं नसतं. तिथे दोन बोटं म्हणजे ज्वारीचा एक दाणा.

सुग्रीवनं टेबल आडवं पाडलं आणि करवत घेतली. नमुना न करता तो पहिल्यांदाच कापणार होता.

"दोन बोटं कापतो, आक्का."

"तीन काप," वत्सलाबाई सहज म्हणाल्या. "पुढल्या हंगामाचं बी धर की त्यात."

मनिषा पुढे आली, खाली बसली आणि टेबलाचा पाय तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"दोनच कापा, मामा," ती म्हणाली. "आत्याबाई आता कुठं जायच्या न्हाईत."