हायड्रोमीटरची अंघोळ

सर्टिफिकेट आजच मिळेल का, असं संदेशने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा हायड्रोमीटर माझ्या टेबलावर पाण्यात तरंगत होता आणि मी त्यावरचा आकडा पुन्हा वाचत होते.

डोंबिवली एमआयडीसीत माझी छोटी लॅब आहे. मोजमापाची उपकरणं खरं दाखवतात की नाही, ते आम्ही तपासून देतो. संदेश घोडबंदर रोडला राहणारा आयटीवाला, हौसेने आईच्या घरी बिअर करणारा. परवानगीबिरवानगी विचारणं माझं काम नाही. त्याच्या मित्राने चव घेऊन सांगितलं होतं, अजून गोड लागतेय, बाटल्या भरू नकोस. मीटर म्हणत होता, साखर संपली. मित्राचं तोंड बंद करायला त्याला माझा शिक्का हवा होता.

हायड्रोमीटर म्हणजे काचेची तरंगती नळी. द्रवात साखर जास्त असेल तर ती वर उचलली जाते. यीस्टने साखर खाल्ली की खाली बुडते. आकडे आतल्या कागदी पट्टीवर असतात. साध्या पाण्यात हजाराची खूण पाण्याच्या पातळीला यायला हवी. याची बोटभर खाली होती. पट्टीच नळीच्या आत घसरली होती.

"धुतोस कशाने?"

"आई धुते. उकळत्या पाण्याने, लोणच्याची बरणी धुते तसं."

आतला गोंद सुटला होता. म्हणजे खरी साखर होती, त्यापेक्षा मीटर कमी दाखवत होता. मित्राची जीभ बरोबर होती.

"बाटल्या भरल्यास?"

"परवाच. कळव्याला आईकडे आहेत, ओट्याखाली."

बंद बाटलीत यीस्ट उरलेली साखर खात राहतं, गॅस वाढतो आणि बाटली फुटते. काच कुठेही उडते. आई आत्ता काय करत असेल, असं मी विचारलं. त्याने लगेच फोन लावला. ती ओट्यापाशीच उभी होती. गॅस बंद करून बाहेर ये म्हटल्यावर तव्यावर भाकरी आहे, म्हणाली. मी फोन हिसकावला.

"ताई, भाकरी जळू दे. आधी बाहेर या, मग मला काय बोलायचं ते बोला."

आल्या. किचनचं दार ओढून घ्यायला लावलं.

संदेशला मी लॅबची फेसशिल्ड आणि जाड हातमोजे दिले. बाटल्यांना हात न लावता आधी ओल्या गोधड्या टाक, वर बर्फ, पार गार झाल्यावरच एकेक उघड, असं बजावलं. थंडीत यीस्ट सुस्तावतं. तो कळव्याला पोचला तेव्हा बर्फ आईच्या शेजारच्या कोळणीने मासळीच्या पेटीतला दिला. गोधड्या पडल्यावर लगेच दोन बाटल्या फुटल्या. काच आतच राहिली. उरलेली बिअर मोरीत गेली.

नंतर एक दिवस तो आईला घेऊन आला. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"मॅडम, मी धुतलं म्हणून झालं ना हे?"

मला फार वाईट वाटलं. एवढे दिवस त्या हेच घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, तुम्ही स्वच्छ धुतलंत. मीटर पाण्यात टाकून बघायचं काम याचं होतं. मित्र सांगत होता, तर हा त्यालाच खोटं पाडायला निघाला."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. "त्या मित्राला फोन केलास का रे?"

केला नव्हता. तो फोन घेऊन बाहेर गेला.

आकडा आपल्या मनासारखा आला, की तो दोनदा तपासावा. मनाविरुद्धचा आकडा आपण तपासतोच.