पान का उघडत नव्हतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. घरी नाही, मित्रांत नाही. तुमच्याजवळ का बोलतोय — तेही मला धड सांगता येणार नाही.

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. माझ्या हाताखाली सुनंदा होती. अल्लीपूरहून रोज एसटीनं यायची. नोकरी अजून पक्की झाली नव्हती. झाली की धाकट्या भावाला नागपूरला शिकायला ठेवायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. हुशार पोरगी. तिला एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे.

ऐन हंगामात एका सकाळी सर्व्हर अडकला. वजनकाट्याच्या पावत्या निघेनात, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागल्या. सर्व्हरची खोली कुलपात, किल्ली मालकांच्या मुलाच्या खिशात आणि मुलगा नागपुरात! तरी घाबरण्यासारखं काही नव्हतं. अशा वेळेसाठीच सर्व्हरचं एक वेगळं पान असतं — ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकायचा आणि बसल्या जागेवरून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा. ते पानच उघडेना.

त्या पत्त्यावर कुणी आहे का, हे सुनंदानं पिंग करून पाहिलं. "उत्तर तर येऊन राह्यलं सर," ती म्हणाली. "मंग पान काऊन उघडत नाई?"

मी तिला बाजूला सारलं आणि ज्ञान पाजळायला बसलो. ब्राउझर बदलला. सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा जिथं एकत्र येतात, तो स्विचचा डबा बंद करून चालू केला. आदल्या दिवशी तिनं स्विचच्या तारा बदलल्या होत्या, त्या एकेक काढून पुन्हा लावायला लावल्या. मॅनेजर साहेब डोक्यावर उभे. ती प्रत्येक तार दोन-दोनदा तपासून लावत होती. मी नुसता हुकूम सोडत होतो — माझं काय जात होतं?

शेवटी वैतागून मी माझ्या लॅपटॉपची तार उपसली, दुसऱ्या टेबलावर जाऊन पाहावं म्हणून. आणि तिकडे सुनंदाच्या स्क्रीनवर पान उघडलं.

मी हातातल्या तारेकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी काहीतरी तपासताना मी माझ्या लॅपटॉपला हातानं एक पत्ता दिला होता — मोकळा असेल असं समजून. तो त्या पानाचाच पत्ता होता. दोन घरांना एकच नंबर, आणि पोस्टमन माझ्या दारात येत होता. सकाळपासून सुनंदाला उत्तर देत होता तो माझा लॅपटॉप. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"काय झालतं?" साहेबांनी विचारलं.

"तारांचा घोळ. हिनं काल चुकीची लावली होती."

हे माझ्या तोंडून निघालं. माझ्या! खोटं बोलायला निदान क्षणभर विचार करावा लागतो, असं मला तोवर वाटायचं. नाही लागत. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार शिव्या बसल्या असत्या. नोकरी तर माझी पक्की होती. हे इतकं सहज जमलं, याचा धक्का मला अजून बसतो — जेवताना बसतो, गाडी चालवताना बसतो.

त्या महिन्याच्या शेवटी साहेबांनी सुनंदाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. जाण्याआधी ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. हिला कळलं, असंच मला वाटलं.

"सर," ती म्हणाली, "माह्याकडून कोणती तार चुकली होती, तेवढी दाखवून द्या. दुसरीकडे लागली तर पुन्हा तशी चूक होऊ देणार नाई मी."

खोलीत आम्ही दोघंच होतो. तेव्हाही बोलता आलं असतं. मी उठलो, स्विचजवळ गेलो आणि एका निळ्या तारेवर बोट ठेवलं. तिनं वाकून नीट पाहिलं, मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला आणि मला थँक्यू म्हणाली.

ती तार बरोबर लावलेली होती.