दोनशे गाणी आणि सड्यावरची रेंज

खेड स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या फोनमध्ये दोनशे गाणी होती. दापोलीजवळच्या गावात मावशीच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती, आणि गाण्यांची जबाबदारी मी ठाण्यात बसून, कुणी न मागता, अंगावर घेतली होती. गावात रेंज नसते म्हणून सगळी गाणी ॲपमध्ये ऑफलाइन साठवली होती. या हुशारीबद्दल एसटीत शेजारच्या बाईंनाही सांगून झालं.

दापोलीहून पुढे काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, स्कूटर. काका जहाजावर इंजिनिअर होते. आता आंब्याची कलमं सांभाळतात. पोचताच मावशीने सांदणं (फणसाच्या रसाच्या गोड इडल्या) दिली. चार खाऊन मी मांडवात स्पीकर जोडला.

ॲपने कळवलं की वर्गणीची मुदत संपली आहे, ती भरल्याशिवाय काहीही वाजणार नाही. दोनशेच्या दोनशे गाणी समोर दिसत होती, राखाडी रंगात. पाहुणे येऊन बसले होते.

काकांनी मला सड्यावर (गावावरच्या जांभ्या दगडाच्या माळावर) नेलं. तिथे एका काजूखाली तेवढी रेंज. पण तिथे एक बाई मुंबईतल्या नवऱ्याशी फोनवर भांडत होत्या. त्यांचं मिटेपर्यंत आम्ही थांबलो. नंतर माझा ओटीपी तीनदा आला, तीनदा उशिरा. बाई म्हणाल्या, फांदीवर जास्त मिळते. मी चढले. वर रेंज नव्हती, तांबडे मुंगळे होते.

उतरताना काकांनी शांतपणे विचारलं, "ती गाणी तू विकत नव्हती घेतलीस?"

"दर महिन्याला पैसे भरते की."

"म्हणजे भाड्याची."

जहाजावर महिना महिना नेट नसे, म्हणून ते बंदरात उतरले की एकेक गाणं विकत घेऊन उतरवून ठेवायचे. घरी येऊन त्यांनी कपाटातून पेनड्राइव्ह काढला. एकेचाळीस गाणी. मी हात खाजवत ऐकत राहिले, पाहुणे नाचत राहिले.

एकेचाळिसावं मात्र मावशीचं निघालं. कधीतरी तिने गाऊन जहाजावर पाठवलेलं. दोन कडव्यांनंतर आवाज आला, "पुढचं आठवत नाही. थांबा, दूध उतू गेलं." मांडव हसून लोळला.

मावशी लाल झाली. "अहो, हे अजून पुसलं नाहीत?"

"का पुसू?" काका म्हणाले. "माझं आहे ते."

परतीच्या गाडीत रेंज आली, वर्गणी भरली, तशी माझी दोनशे गाणी काहीच घडलं नसल्यासारखी हजर झाली. त्यातली मला खरोखर हवी असलेली कोणती, हे ठरवायला बसले. पनवेलपर्यंत सात निघाली. ती सात मी विकत घेतली.