रिळाच्या तोंडाशी बसलेली झोर्का

झोर्का मार्देशिचचा चेहरा देशोदेशीच्या थिएटरांत पोचला, पण प्रेक्षकांपैकी कुणाला तो कधी दिसला नाही.

ती मेरिडियन स्टुडिओच्या लॅबमध्ये फिल्म धुण्याच्या कामावर होती. मेरिडियन तेव्हा एक गावच होतं. स्वतःचा न्हावी, स्वतःचा आगीचा बंब, बालनटांची शाळा. कोर्टाच्या निकालानं स्टुडिओची थिएटरं गेली, मग घरोघरी टीव्ही आला, तरी परमुलखातल्या बायका अजून मेरिडियनच्या नट्यांकडे बघून पावडर निवडत होत्या. आणि त्या नट्यांच्या गालांचा रंग ठरत होता झोर्काच्या गालावरून.

त्याचं असं, की प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला एका बाईच्या चेहऱ्याचा वीतभरही नाही एवढा तुकडा जोडलेला असे. रीळ छापून आलं की लॅबवाले आधी तो तुकडा बघत. बाईची कातडी खरी दिसली तर पुढचे रंग बरोबर. हिरवट दिसली की रीळ परत. झोर्काचा रंग मधला, म्हणून साहेबांनी, म्हणजे टॅकेटनी, तिलाच खुर्चीत बसवलं.

"हसायचं नाही," ते म्हणाले. "हसलं की गालावर सावली पडते. मातीचा पुतळा हो."

ती झाली.

घरी आल्यावर मात्र तिनं आईला सांगितलं, "आई, मेरिडियनच्या प्रत्येक सिनेमात पहिला चेहरा माझा!"

तिची आई तोंका आमच्या सान पेद्रो बंदरातल्या ट्यूनाच्या कारखान्यात मासे साफ करायची. दर शनिवारी हाताला लिंबू चोळून ती थिएटरात पुढच्या रांगेत जाऊन बसू लागली. लेक काही दिसेना. सोमवारी कारखान्यात बायका विचारत, "काय गं तोंका, आली का तुझी हिरॉइन?"

"आली असणार. मीच मेली नेमकी शिंकले."

"मग आता नाक बांधून जा!"

तोंकाही त्यांच्याबरोबर हसायची. पण तिला काचबिंदू झाला होता. नाताळपर्यंत नजर जाईल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. त्या दिवशी बसमधून उतरताना ती एवढंच म्हणाली, "तुला एकदा तिथं मोठ्ठी बघायची होती गं."

झोर्का दुसऱ्याच दिवशी विन्कोकडे गेली. विन्को त्याच थिएटरचा ऑपरेटर, आमच्यातलाच, दल्मातियाच्या किनाऱ्यावरून आलेला. रिळाचं तोंड सरेपर्यंत प्रोजेक्टरची झडप बंद ठेवायची, ही ऑपरेटरांची रीत. तिथले आकडे, रेघा, तो तुकडा पडद्यावर दिसला तर ऑपरेटरची अब्रू जाते.

"पाहुण्यांसमोर लेंग्यावर यायला सांगतेस होय मला?" तो म्हणाला.

"पाहुणे नकोत. एकटी आई."

"अगं, पापणी लवायच्या आत जाशील तू. थांबवून धरलं तर दिव्यानं फिल्म जळेल."

"मग परत परत लाव. तिचे डोळे चाललेत रे."

शनिवारी दुपारी, खेळाच्या आधी, विन्कोनं तोंकामावशीला मधल्या खुर्चीत बसवलं, वर गेला आणि झडप उघडी ठेवली. आकडे आले, काहीतरी लखकन गेलं. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा. झोर्कानं स्वतःला पाहिलं, पांढरी कॉलर आणि थिजलेलं तोंड. आई मात्र पडद्याच्या भलत्याच कोपऱ्याकडे बघत होती.

"मावशी, दिसली का?" विन्कोनं वरून हाक दिली.

"दिसली तर!" तोंकानं लेकीचा हात धरला. "किती गोड हसलीस गं!"

झोर्का म्हणाली, "हो आई. हसू आलं मला."

पुढच्या महिन्यात नव्या तुकड्यासाठी टॅकेटनी तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. दिवे लागले, कॅमेरा फिरला आणि झोर्का हसली. पुन्हा बसवलं, पुन्हा हसली.

"काय चाललंय हे? तोंड मीट."

"एकच तुकडा हसरा असू द्या साहेब. कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसतंय ना. ऊठ."

तिच्या जागी आयोवाची एक नवी मुलगी बसली. झोर्का धुण्याच्या कामावर राहिली, पुढे लॅबच बंद पडेपर्यंत.

नाताळ आला तोवर तोंकाला उजेड तेवढा कळत होता, मग तोही गेला. तरी शनिवार तिनं सोडला नाही. झोर्का तिला हाताला धरून आणायची. लोक गप्प झाले, वर यंत्राची घरघर सुरू झाली की तोंका लेकीचा हात दाबून विचारायची, "आलीस ना आता?"

वर झडपेआड ती आयोवाची मुलगी निघून जात असे.

"हो आई," झोर्का म्हणायची. "आले."