दहावी मागणी

किसनराव भालेराव एकतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. कोण किती मिनिटं उशिरा आला, एवढंच त्यांनी आयुष्यभर लिहिलं. निवृत्तीनंतर माणसं हाताशी उरली नाहीत, म्हणून त्यांनी गाड्या धरल्या. संत तुकाराम नगरातल्या घरून रोज स्टेशनवर जाऊन ते लोणावळा लोकलचा उशीर वहीत टिपत. अशा माणसाला प्रवासी संघाचा चिटणीस करण्यावाचून गत्यंतर नसतं.

संघाला कचेरी नव्हती. स्टेशनच्या दारालगत मीरासाहेबांचं पंक्चरचं दुकान होतं, त्यातलं बाकडं हीच कचेरी. मीरासाहेब उदगीरकडचे, बावीस वर्षं त्याच पत्र्याखाली बसलेले. ते किसनरावांना 'साहेब' म्हणत. घरी पत्नी केसरबाई तसं म्हणत नसल्यामुळे किसनरावांना बाकडं फार आवडे.

स्टेशनचा विकास होणार असं कळलं, तेव्हा किसनरावांनी निवेदन लिहायला घेतलं. दुपारची गाडी, सरकता जिना, फलाटावर छप्पर, पिण्याचं पाणी, असं करत नऊ मागण्या झाल्या. नऊ मागण्यांचं निवेदन अर्धवट दिसतं, असं त्यांचं मत होतं. दहावी सुचेना. त्याच सकाळी दुकानाच्या हवेच्या पाइपात पाय अडकून ते भर गर्दीत आपटले होते आणि लोक हसले होते. बाकड्यावर बसूनच त्यांनी लिहिलं, 'प्रवेशद्वारालगतचे अडथळे तातडीने हटवावेत.' वाक्य त्यांना भारदस्त वाटलं.

दोनशे चौदा सह्या मीरासाहेबांनीच गोळा केल्या. हवा भरायला येईल त्याला म्हणत, "भाऊ, आधी सही, मग हवा. साहेबांनी लिहिलंय, त्यात वाचायचं काय?" स्वतःची सही त्यांनी चौथी केली.

स्टेशनला नवी कमान आली, रंग आला, जिन्यासाठी खड्डा आला. दुपारच्या गाडीचा विचार सुरू आहे. दहावी मागणी मात्र पूर्ण मंजूर झाली. दुकान आठ दिवसांत हटवा, अशी नोटीस मीरासाहेबांना मिळाली.

किसनराव पलीकडच्या जिन्याने स्टेशनात शिरू लागले. पाचव्या दिवशी केसरबाई म्हणाल्या, "मीरासाहेब तिसऱ्यांदा येऊन गेले. तुम्ही आंघोळीला गेलाय, म्हणून सांगितलं. एवढा स्वच्छ माणूस वस्तीत दुसरा नसेल."

मग ते गेले.

"साहेब, नव्या पार्किंगात कोपरा द्या म्हणून अर्ज लिहा. तुमच्या अक्षराला वजन हाय," मीरासाहेब ट्यूब घासत म्हणाले. "आन् तक्रार कुणी केली तेवढं बघा. मी वरचं 'हटवा' वाचलं आन् ठिवून दिली."

त्यांनी पुढे केलेल्या नोटिशीत खाली लिहिलं होतं, 'संदर्भ : प्रवासी संघाचे निवेदन, मागणी क्रमांक दहा.'

संदर्भ नसलेला अर्ज टोपलीत जातो, हे किसनरावांनी अर्ध्या स्टेशनला शिकवलं होतं. संदर्भ लिहिला तर मीरासाहेबांना कळणार, नाही लिहिला तर कोपरा जाणार. त्यांनी सगळा अर्ज लिहिला आणि ती एक ओळ कोरी ठेवली. पेन दोनदा झटकलं. शाई व्यवस्थित येत होती. शेवटी ती ओळही लिहिली.

"वाचा," मीरासाहेब म्हणाले. सहीआधी अर्ज मोठ्याने वाचायचा, हाही किसनरावांचाच नियम.

त्यांनी वाचला. संदर्भापाशी आवाज टाइम ऑफिसातल्यासारखा झाला.

"दहा नंबर म्हंजे?"

"अडथळे."

"म्हंजे आमी?"

"हो."

"कुठं बसून लिवलं?"

किसनराव बाकड्याकडे बघत राहिले.

"पाइपावरनं?" मीरासाहेबांनी ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं. "त्या दिवशी मी पण हसलो व्हतो. त्या निवेदनावर माझी सही हाय न्हवं?"

"चौथी."

मीरासाहेबांनी फडक्याला हात पुसले, चष्मा लावला आणि अर्ज घेतला. एकेका शब्दाखाली बोट ठेवत पहिल्या ओळीपासून वाचू लागले. कागदावर काळे डाग पडत गेले. किसनराव उभेच होते. बाकडं रिकामं होतं.

वाचून झाल्यावर त्यांनी सही केली आणि कागद पुढे केला.

"आता खाली तुमची करा, भालेराव. हुद्द्यासकट."

किसनरावांनी सही केली. खाली 'चिटणीस, प्रवासी संघ' असं लिहिलं. तेवढ्यात लोणावळा लोकल आली आणि गेली. ती किती उशिरा आली, ते त्यांनी पाहिलं नाही.