मानाचा बार

कालवा आला, मग ऊस आला, आणि उसामागून रानडुकरं आली. ताडकळसच्या बाजूला मामांची बागायत होती. तोडणी संपत आली की फडाच्या मधोमध उसाचा शेवटचा तुकडा उभा राही. चारी बाजूंनी ऊस पडत गेला की फडात लपलेलं सगळं जनावर त्या तुकड्यात गोळा होई: ससे, रानमांजरं, कोल्हे, डुकरं. त्या दिवशी गाव काठ्या, कुऱ्हाडी आणि कुत्री घेऊन वेढा घाली. डबे बडवून हाका करायचा आणि निघेल त्याला ठेचायचं. सशाला दोन काठ्या पुरत. डुकराला अर्धं गाव लागे, आणि ते मरेपर्यंत एखाद्या कुत्र्याची आतडी ढेकळांवर पसरलेली असत.

यात एक रीत होती. डुकरावर पहिला घाव मामांच्या बंदुकीचा. त्यांच्या आजोबांना निजामाच्या काळात परवाना मिळाला, तेव्हापासूनची. मानाचा बार झाल्याशिवाय डुकराला कोणी हात लावायचा नाही. बंदूक एकनळी, नेम तिच्या मर्जीवर. पण कोणाचं अडत नसे. मामा आभाळाच्या दिशेनं कुठंतरी बार काढत आणि मग लोक खऱ्या कामाला लागत.

त्या वर्षी मामा विदर्भातलं एक राष्ट्रीय उद्यान पाहून आले होते. विद्यापीठाच्या नावावरून औरंगाबादेत पुन्हा मोर्चे निघाले होते, वर्ग बंद होते, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. तीन दिवस जीपमध्ये बसून आम्ही पुष्कळ चितळं, दोन गवे आणि वाघाचा मागचा भाग पाहिला. मामांवर छाप पडली ती प्राण्यांची नव्हे, शिस्तीची. तिथला गार्ड नुसतं बोट वर करी आणि जीपभर माणसं श्वास रोखून धरत. येताना त्यांनी वाघाचं तोंड छापलेली टोपी घेतली. गावच्या शाळेत वन्यजीव वाचवण्यावर भाषण केलं. पंधरा दिवसांनी तीच टोपी घालून ते डुक्कर मारायला निघाले.

बैलगाडीवर खुर्ची ठेवली होती. खुर्चीत मामा, मागे काडतुसांची पिशवी धरून मी.

"बार होईस्तोवर कुणी हत्यार उचलायचं न्हाई," मामांनी जाहीर केलं. "जागा सोडायची न्हाई, वरडायचं न्हाई. तिकडं जंगलात बघा, पान हालत न्हाई."

"तिकडं डुकराला बी सांगून ठिवलं आसंल, मालक," तोडणीच्या टोळीतली एक बाई म्हणाली.

लोक हसले. मुकादमानं डोळे वटारले.

टोळी पाथरीकडची होती. ही बाई आणि तिचा नवरा मिळून एक कोयता. तो तोडायचा, ती मोळ्या बांधायची. दोघांतला एक बसला की दुसऱ्याचंही काम बसलं. खालच्या अंगाला बांधाजवळ वेढ्याला लावलेली जाळी अपुरी पडली होती, तिथं मुकादमानं नवऱ्याला उभं केलं. ती मागे बांधावर थांबली.

डबे वाजले. उसातली हालचाल खालच्या अंगाला सरकत गेली आणि डुक्कर निघालं ते सरळ त्याच्यासमोर. मामांनी चाप ओढला. टक् झालं, बार झाला नाही. काडतूस सर्दावलं होतं.

"दुसरं," मामा हात मागे करून म्हणाले.

मी पिशवीत हात घातला. हाताला पहिल्यांदा सुपारीची पुडी लागली.

"यायलंय अंगावर! मारा की ओ!" बाई ओरडली.

त्याच्या हातात कोयता होता. तो डुकराकडे बघत नव्हता. आमच्याकडे, बंदुकीकडे बघत होता.

डुकरानं त्याची मांडी गुडघ्यापासून वर उघडली. तो पडला, तसं ते वळलं आणि त्याच पायात पुन्हा सुळा घालून मान झटकू लागलं. ओलं पोतं फाडल्यासारखा आवाज येत होता. भोवती वीस-पंचवीस माणसं काठ्या घेऊन उभी होती. शिस्त चांगली पाळली गेली.

बाईनं बांधावरून उडी टाकली. नवऱ्याच्या मुठीतून कोयता ओढला आणि डुकराच्या मानेत घातला. पहिला घाव चरबीत रुतला. ती पायानं रेटून कोयता काढी आणि पुन्हा हाणी. डुक्कर माणसासारखं किंचाळत होतं. किंचाळणं थांबल्यावरही ती हाणत राहिली. शेवटी कोयत्याचं पातं मुठीपाशी वाकलं.

तोवर दुसरं काडतूस भरलं गेलं होतं. मामा गाडीवरून उतरले, चालत गेले आणि मेलेल्या डुकराच्या कानाला नळी लावून त्यांनी मानाचा बार काढला. सवयीनं दोघा-तिघांनी जयजयकारही केला.

मुकादमाचा फेटा जखमेवर आवळून आम्ही त्याला जीपमध्ये घातलं. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वाटेत मामा मला आणि तिला म्हणाले, "दवाखान्यात कोयता लागला म्हणून सांगायचं. डुकराचं नाव काढलं तर केस व्हईल. लय कडक कायदा झालाय." हेही ते उद्यानातच शिकले होते.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी फेटा कापला.

"कशानं झालं?"

"कोयता," मामा म्हणाले. "ऊस तोडताना."

डॉक्टर जखमेत बघत राहिले. "हे कोयत्यानं होत नाही. जनावरानं फाडलं असेल तर आत घाण गेली असणार. वरून शिवलं तर पाय सडेल, मग कापावा लागेल. नीट सांगा."

ते माझ्याकडे बघत होते. मी शिकलेला दिसत होतो. मी मामांच्या टोपीवरच्या वाघाकडे बघितलं आणि गप्प राहिलो. इतक्या वर्षांत या वाक्यात मला काही सुधारणा करता आलेली नाही.

"डुकरानं फाडलंय," ती म्हणाली. कोपरापर्यंत तिचे हात लाल होते. "आन् त्या डुकराला म्या मारलंय, मालकानं न्हाई. लिव्हा."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. ते कोणी वाचलं नाही, केसही झाली नाही. जखम उघडी ठेवून बरेच दिवस धुतली. पाय राहिला, पण गुडघा वाकेना, आणि वाकल्याशिवाय ऊस बुडातून तुटत नाही.

पुढच्या हंगामात टोळी परत आली तेव्हा तोडत होती ती. तो ताठ पाय पुढे पसरून बसल्या बसल्या मोळ्या बांधत होता. शेवटच्या तुकड्याच्या दिवशी तिनं त्याला गाडीवर बसवलं आणि बांधाजवळच्या मोकळ्या जागेत स्वतः जाऊन उभी राहिली, कोयता वर धरून.

"ए बाई, खाली घे," मुकादम म्हणाला. "अजून बार व्हायचाय."

"होऊ द्या की," ती म्हणाली. कोयता तिनं खाली घेतला नाही.