विनूला आणायला डिचोलीला

आईने मला गोव्याला पाठवलं ते समुद्र बघायला नव्हे, धाकट्या भावाला घरी आणायला. विनू डिचोलीच्या एका छोट्या कॉलेजात फुटबॉलचा कोच होता. कोल्हापूरच्या कॉलेजातून त्याला बोलावणं आलं होतं, सोमवारी रुजू व्हायचं होतं. मी लग्न होऊन इचलकरंजीला, आई कोल्हापुरात एकटी. एवढं सांगितलं की तो पिशवी भरेल, अशी माझी समजूत होती.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. पत्रादेवीचा नाका ओलांडला तरी एसटीचे धक्के तेच राहिले, त्यामुळे मला फारसं वेगळं वाटलं नाही. विनूने पेडण्यालाच उतरायला कळवलं होतं. तिथे मॅच होती. मैदान म्हणजे कापणी झालेलं शेत. मी पोचले तेव्हा त्याची पोरं हरत होती, निघालो तेव्हा हरलेली होती.

"जिंकता कधी?" मी विचारलं.

"अजून नाही," विनू म्हणाला.

तो मूळचा पैलवान. कोल्हापूरचा म्हणजे फुटबॉल येतच असणार, असं प्रिन्सिपॉलसाहेब धरून चालले, आणि नोकरी हवी असल्यामुळे विनूने त्यांना दुखावलं नाही. नियम तो पोरांकडूनच शिकला. समोरच्याला अडवायचं कसं, ते मात्र त्याने शिकवलं. म्हणून पंचांची शिट्टी फार वाजायची.

परतताना सगळे एका हॉटेलात शिरलो. उंडे (कडक सालीचे गोल पाव) आणि पातळ भाजी आली. गोलकीपर उल्हास बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

"तुमी सरांक व्हरपाक (न्यायला) आयल्यात?"

"हो. दुसरे सर येतील की."

"दुसरो कोण येवचो ना (येणार नाही). टीम बंद जातली."

विनू पाव कुरतडत बसला. मला त्याचा राग आला, कारण त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की त्याला ठरवता येत नाहीये.

शेवटी पोरांनीच तोड काढली, देवाला प्रसाद लावायचा (मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवून कौल घ्यायचा). गुरव उल्हासचे वडील, देव गावचा, भक्त गावचे. निकाल काय लागणार ते मला दिसतच होतं. पण देवाला नको कसं म्हणणार?

सकाळी उल्हासच्या गावी, आमोण्याच्या देवळात अख्खी टीम अंघोळ करून हजर. गुरवांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, सरांनी वचचें (जायचं) जाल्यार उजवो दी, रावचें (राहायचं) जाल्यार दावो (डावा) दी."

"व्हय म्हाराजा," पोरं म्हणाली. त्यात विनूचाही आवाज होता.

पाकळी पडेना. माझे पाय अवघडले, बाहेर दोन बस गेल्या. आणि मग पडली ती उजवीकडची.

मी जिंकले होते. पण उल्हासने मान खाली घातली, विनू खांबाला टेकला, आणि मला मुळीच आनंद झाला नाही. गुरवांनी शांतपणे पाकळी उचलून विनूच्या हातावर ठेवली.

"देवान वच म्हणलां," ते म्हणाले. "केन्ना (केव्हा) वचप, तें म्हणूंक ना."

"मग ते विचारा," मी म्हणाले.

"एका दिसाक एकूच प्रस्न, बाये. आनी फाल्यां (उद्या) मॅच आसा."

विनूने पाकळी शर्टाच्या खिशात ठेवली आणि मला स्टँडवर सोडायला आला. पणजीहून आलेल्या गाडीत त्याने मला खिडकीची जागा धरून दिली. "आईला सांग," एवढंच म्हणाला. काय ते त्याने सांगितलं नाही. गाडी सुटल्यावर मी रडले. शेजारच्या बाईंनी मला गाडी लागते असं समजून लिंबू दिलं.

घरी आई दारातच उभी होती. माझ्या मागे कोणी नाही हे तिने पाहिलं.

"देवाचा कौल घेतला," मी म्हणाले. "ये म्हणालाय देव त्याला."

आईने हात जोडले, देवापुढे साखर ठेवली आणि विनूच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. केव्हा, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.